राजमतीची मराठी

“नाव सांगा, काकू.”

“राजमती भूपाल मगदूम.”

“कशासाठी आलाय?”

“डोक्याचं ऑपरेशन.”

“कुठल्या बाजूचं?”

“डाव्या.”

दवाखान्याच्या दारातल्या कमानीखालून येतानाच तिचा चेहरा, नाडी, ताप, चालताना उजवा पाय किंचित ओढला जातो हेसुद्धा टिपून झालं होतं. समोरच्या काचेवर तिचं नाव हिरव्या अक्षरांत उमटलेलं तिला दिसत होतं. तरी कमानीपाशी विचारलं, रक्त घेताना विचारलं, वजनकाट्यापाशी विचारलं, आणि आता खोलीच्या दाराशी पुन्हा तेच.

“समोर लिहिलंय की सगळं,” भूपाल म्हणाला. त्याच्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातात थर्मास, आणि दोन्ही कुठं ठेवावं हे त्याला कळत नव्हतं.

“यंत्राला ठाऊक आहे हो बाबा. पण पेशंटच्या तोंडून ऐकायचं, असा नियम आहे,” नर्स म्हणाली. “उद्या सकाळपर्यंत अजून बरेच जण विचारतील. वैतागू नका.”

राजमती वैतागली नव्हती. वैतागायलाही अंगात काहीतरी लागतं. जयसिंगपूर ते मिरज एवढासा रस्ता, पण फिट येऊ नये म्हणून सुरू केलेल्या गोळ्यांनी तिला महिनाभर असं झालं होतं की बसावं तर झोप यावी आणि निजावं तर येऊ नये. एक चाकांची खुर्ची आपणहून येऊन तिच्या गुडघ्याशी थांबली आणि मराठीत ‘बसून घ्या’ म्हणाली. राजमती तशीच उभी राहिलेली पाहून खुर्चीनं तेच कन्नडमध्ये म्हटलं. मिरजेत निम्मे पेशंट कृष्णेपलीकडचे. इथल्या खुर्च्यांनाही दोन्ही भाषा याव्या लागतात. राजमती बसली.

दुखणं सुरू झालं ते शिवणक्लासात. जयसिंगपुरात घराच्या पुढच्या खोलीत ती पुष्कळ वर्षं मुलींना शिवण शिकवत होती. एका दुपारी ब्लाउजची बाही कशी बेतायची ते सांगताना ‘बाही’ हा शब्दच तिला सापडेना. हातात बाहीचा कागद होता. तोंडात कन्नड शब्द होता. मराठी शब्दाच्या जागी नुसती पोकळी. मुली हसल्या, तीही हसली. पुढच्या आठवड्यात मशीनवरच तिला फिट आली. तपासणीत डाव्या कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूत लिंबाएवढी गाठ निघाली.

दुपारी तिच्याकडून एकेक वस्तू काढून घेण्यात आली. पायातली जोडवी, कानातल्या कुड्या, मंगळसूत्र. काचेच्या बांगड्या साबण लावूनही निघेनात, तेव्हा नर्सनं त्या कापडात गुंडाळून हलकेच फोडल्या. फोन घेतला, कानातला दुभाषा घेतला. हा दुभाषा म्हणजे शेंगदाण्याएवढं यंत्र. समोरचा कुठल्याही भाषेत बोलला तरी कानात आपल्या भाषेत ऐकू यायचं. आताशा बाजारात भाजी घ्यायलाही लोक ते घालून जात. या मजल्यावर मात्र कुणालाच, नातेवाइकांनासुद्धा, असलं काही जवळ ठेवायची परवानगी नव्हती; बहिऱ्यांचं साधं यंत्र तेवढं चालायचं. मेंदूचं मोजमाप बिघडायचं. भूपालनं तिचे दागिने रुमालात बांधून आतल्या खिशात ठेवले आणि मग त्या खिशावरचा हात त्यानं संध्याकाळपर्यंत काढला नाही.

फोन देण्याआधी नाशिकहून मुलीचा, तेजश्रीचा, फोन येऊन गेला. तिचं मूल लहान, वर तापलेलं. तिला निघता आलं नव्हतं. “आई, काही विचारलं तर मराठीच सांग हं,” ती म्हणाली. अशा ऑपरेशनांबद्दल तिनं कुठंतरी वाचलं होतं. राजमतीला त्या वेळी त्याचा नीटसा अर्थ लागला नव्हता.

तो लागला तो मोजमापाच्या खोलीत.

खोलीच्या भिंती जाड होत्या, बाहेरचा एक आवाज आत येत नव्हता. तिच्या डोक्यावर फुगीर, हलकं शिरस्त्राण बसवलं होतं. मेंदूतल्या पेशी काम करतात तेव्हा त्यांच्याभोवती अतिशय क्षीण चुंबकीय लहरी उठतात; शिरस्त्राण त्या टिपत होतं. शेजारी वनिता हुक्केरी नावाची भाषेची तज्ज्ञ बसली होती. चाळिशीची, केस बारीक कापलेले, आवाज शांत. ती पडद्यावर चित्रं दाखवायची. घोडा. छत्री. नांगर. आधी मराठीत नाव विचारायची, मग कन्नडमध्ये. मग गोष्ट सांगायला लावायची, भांडण आठवायला लावायची, मनातल्या मनात बोलायला लावायची. शेवटी णमोकार मंत्र म्हणायला सांगितला.

“हे कुठल्या भाषेत धरणार?” राजमतीनं विचारलं.

“कुठल्याच नाही. पाठ केलेलं वेगळ्या ठिकाणी असतं. त्याला धक्का लागणार नाही.” वनिता हसली. “तेवढी एक काळजी मिटली.”

चित्रं संपली तेव्हा राजमतीला आपण दिवसभर ऊस तोडून आल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळच्या आत डॉक्टर इनामदारबाई आल्या. भूपालला आत बोलावलं. त्यांनी पडद्यावर राजमतीचा मेंदू दाखवला. खरा नव्हे, संगणकातला. मोजमापावरून उभा केलेला, पण शिरेशिरेपर्यंत हुबेहूब. त्यात मधोमध करडी गाठ होती. तिच्या वरच्या अंगाला पिवळे ठिपके विखुरले होते, खालच्या अंगाला निळे.

“या मेंदूवर आम्ही तुमचं ऑपरेशन दुपारपासून हजारो वेळा करून पाहिलंय,” डॉक्टर म्हणाल्या. “प्रत्येक वेळी थोड्या वेगळ्या वाटेनं. त्यातून काय शिल्लक राहतं ते यंत्र सांगतं. मी सरळच बोलते. गाठ सगळी काढायची तर दोनच वाटा आहेत. वरून गेलो तर हे पिवळे ठिपके जातात. खालून गेलो तर निळे.”

“ठिपके म्हणजे?” भूपालनं विचारलं.

“पिवळे म्हणजे यांची कन्नड. निळे म्हणजे मराठी.”

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. लहानपणी आईकडून आलेली भाषा आणि मोठेपणी शिकलेली भाषा मेंदूत बऱ्याच ठिकाणी एकत्र नांदतात, पण काही मोक्याच्या जागा ज्याच्या त्याच्या असतात. पूर्वी डॉक्टरांना या जागा आधी नीट दिसत नसत. डोकं उघडून, पेशंटला जागं ठेवून चाचपडत जायचं. जे गेलं ते गेलं, त्याला दैव म्हणायचं. आता आधीच दिसतं. आणि दिसतं म्हटल्यावर विचारावं लागतं.

“तिसरी वाटही आहे,” त्या म्हणाल्या. “दोन्ही वाचवायच्या आणि गाठीचा तुकडा आत ठेवायचा. तो चार-पाच वर्षांत वाढतो. तेव्हाचं ऑपरेशन याहून अवघड, आणि तेव्हा कदाचित दोन्ही जातील.”

“मग त्यात विचारायचं काय?” भूपाल म्हणाला. “मराठी ठेवा. आम्ही घरात मराठी बोलतो. पोरगी मराठी बोलते, नातू आता कुठं बोलायला लागलाय. कन्नड ती बोलते कुणाशी? अथणीच्या अक्काशी फोनवर. तेवढ्याला दुभाषा आहे की कानात.”

राजमती पडद्याकडे बघत होती. पिवळे ठिपके थोडे होते, पण ठसठशीत. निळे खूप, बारीक बारीक, कुणीतरी एकेक टाका घालत गेल्यासारखे.

“हा प्रश्न मी त्यांना एकटीला विचारेन,” वनिता म्हणाली. “आणि दोन्ही भाषांत विचारेन.”

“दोन्हीत कशाला? उत्तर एकच असणार.”

“नेहमी नसतं, काका.”

भूपाल बाहेर गेल्यावर वनितानं आणखी एक गोष्ट सांगितली. माणूस शिकलेल्या भाषेत विचार करतो तेव्हा जरा लांबून करतो, व्यवहार बघतो. आईच्या भाषेत करतो तेव्हा पोटातून करतो. एकाच माणसाला एकच प्रश्न दोन भाषांत विचारला तर दोन निराळी उत्तरं येऊ शकतात, हे अनेकदा पडताळून पाहिलेलं होतं. अशा ऑपरेशनांत दोन्ही उत्तरं जुळल्याखेरीज डॉक्टरांना भाषेच्या जागेला हात लावता येत नसे. जुळली नाहीत तर तिसरी वाट.

तिनं मराठीत विचारलं. राजमती म्हणाली, “मराठी ठेवा. घरच्यांना तेच सोयीचं.”

वनितानं पाणी दिलं, थोडा वेळ इकडचं तिकडचं कन्नडमध्ये बोलली. अथणीला घर कुठं होतं, आई कुठली भाजी छान करायची. आणि मग तोच प्रश्न कन्नडमध्ये विचारला.

राजमतीनं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं, “हे घेऊ नका. माझं म्हणून एवढंच आहे.”

आपलंच बोलणं तिला ऐकू आलं. तिनं तोंडावर हात ठेवला.

“असू दे,” वनिता म्हणाली. “ठरवायला सूर्य मावळेपर्यंत वेळ आहे. मी पुन्हा येते.”

अथणीची मोठी बहीण पद्मक्का एसटीनं येऊन पोचली ती या गोंधळात. जाडजूड, पांढरं लुगडं, दम लागलेला. तिला मराठीचे दोन शब्द यायचे, ‘बरं’ आणि ‘नको’. आणि भूपालला, लग्नाला तीस-बत्तीस वर्षं होऊनही, कन्नड येत नव्हती. सणासुदीला दोघं समोरासमोर आली की राजमती मध्ये बसायची. याचं हिला सांग, हिचं याला सांग. दुभाषे बाजारात आले तेव्हा तिला वाटलं होतं, सुटले. पण पद्मक्काच्या कानात आधीच ऐकण्याचं यंत्र होतं, त्यात दुभाषा मावेना. आणि भूपाल म्हणायचा, घरात कशाला हवंय ते.

आताही ती दोघं पलंगाच्या दोन बाजूंना बसली आणि सवयीनं तिच्याकडे बघू लागली. राजमतीनं उशीवर डोकं टेकून जेवढं होतं तेवढं सगळं सांगितलं, एकदा या बाजूला, एकदा त्या.

पद्मक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि कन्नडमध्ये म्हणाली, “आपली जाऊ दे.”

“अक्का!”

“जाऊ दे म्हणते ना. माझं वय बघ. मी गेल्यावर तू कुणाशी बोलणार? भिंतीशी? ज्या माणसाबरोबर राहायचं त्याच्याशी भांडता आलं पाहिजे. मला काय, मी येऊन शेजारी बसत जाईन. बसायला भाषा लागत नाही.” तिनं पदरानं नाक पुसलं. “सांग त्याला. मी मराठीच्या बाजूची आहे म्हणावं.”

राजमतीनं नवऱ्याकडे तोंड वळवलं. तिला शब्द जमवता येईनात. गाठीमुळं की कशामुळं, कोण जाणे.

“नको सांगूस,” भूपाल म्हणाला. “कळलं मला.”

“काय कळलं?”

“जाऊ दे म्हणतायत. भांडता आलं पाहिजे म्हणतायत.” तो खाली बघत होता. “शेजारी येऊन बसीन म्हणतायत.”

पद्मक्का एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली.

“तुम्हाला कन्नड कळते?” राजमतीनं विचारलं.

“बोलाय येत नाही. कळतं.”

“कधीपासून?”

“आता कधीपासून म्हणून काय सांगू? दुकानात पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून घ्यायला कागवाड, शेडबाळची गिऱ्हाइकं यायची. मी त्यांच्याशी मराठीच बोलायचो, पण कान उघडे होते. आणि घरी रोज तुझा फोन.” त्यानं चष्मा काढला. “कल्लु म्हणतेस तू मला फोनवर. दगड.”

राजमतीला एकेक आठवू लागलं. पुढच्या खोलीत मशीन थांबवून, भिंतीला पाठ लावून, तिनं रोज बहिणीला काय काय सांगितलं होतं! त्याचं घुम्यासारखं बसणं. सासूचे टोमणे. पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा हा शब्दानं बोलला नाही, ते. आणि हा आतल्या खोलीत बसून सगळं ऐकत होता.

“सगळं?”

“सुरुवातीला थोडं. मग बरंचसं. तू एकदा सगळ्यांसमोर ‘तो भाकरी’ म्हणालीस. आई हसली, आणि मग भावकीत सांगत सुटली. त्या दिवशी तू फोनवर रडलीस ते मला पहिल्यांदा शेवटपर्यंत कळलं. दुसऱ्या दिवशी मी आईला बोललो. परत म्हणून हसायचं नाही म्हटलं.”

“मला वाटलं, त्याच कंटाळल्या.”

“त्या कसल्या कंटाळतायत.”

“मग मला का नाही सांगितलंत? एका शब्दानं?” तिचा आवाज चढला, आणि चढताना चिरकला.

भूपालनं चष्मा पुन्हा घातला. “तुला तेवढी एकच जागा होती. मी कळतं म्हणालो असतो तर तू गप्प झाली असतीस. मग गेली असतीस कुठं?” मग तो मोठ्यानं, जरा रागावल्यासारखा म्हणाला, “कन्नड ठेव. मघाशी मी बोललो ते सोड. मला कळतं, मी निभावून नेईन. तेजश्रीचं मी बघतो.”

“काय म्हणतात?” पद्मक्कानं विचारलं.

“कन्नड ठेव म्हणतात.”

“आणि मी मराठी ठेव म्हणतेय! वेडे आहात काय तुम्ही दोघं?”

राजमतीला हसू आलं आणि त्याच वेळी इतका थकवा आला की डोळे उघडे धरवेनात. सगळा जन्म ही दोन माणसं तिला आपापल्या बाजूला ओढत आली होती. आज पहिल्यांदा दोघं तिला एकमेकांकडे ढकलत होती. मधली ती मधेच.

“दोघं बाहेर जा,” ती म्हणाली. आधी एका भाषेत, मग दुसरीत. “मला पडू द्या.”

ती पडून राहिली. खिडकीबाहेर ऊन तिरपं झालं होतं. नवऱ्याचा राग येतोय की नाही ते ती चाचपून बघत होती. येत होता. आपल्या एकटीची म्हणून जी खोली तिनं जपली होती, तिच्या दाराबाहेर हा माणूस इतकी वर्षं बसलेला होता. पण आत आला नव्हता, हेही खरं. राग पुरता धरवेना आणि सोडवेना.

तेविशीत ती या घरात आली तेव्हा तिला मराठीत पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. एकेक शब्द तिनं कमावला होता. ती भाकरी, तो भात, ते वरण. कुणाला ती म्हणायचं आणि कुणाला ते, याला काही नियम नव्हता, नुसतं पाठ करायचं. रात्री अंथरुणात ती पुटपुटत पाठ करायची. वर्षं गेली आणि मग कुणाला कळेनासं झालं की ही मूळची मराठी नव्हे. पडद्यावरचे ते बारीक बारीक निळे ठिपके तिचे कष्ट होते. ते कसे फेकून द्यायचे?

आणि पिवळ्यांसाठी तिनं काहीच केलं नव्हतं. ते नुसते होते.

वनिता आली तेव्हा राजमती उठून बसली होती.

“बाई, एक सांगा. मराठी गेली तर मला पुन्हा शिकता येईल का?”

“येईल. मेंदू दुसरीकडे जागा शोधतो. पण हळूहळू. काही जणांना वर्षभरात येते, काहींना अर्धीच, काहींना जवळजवळ नाहीच. मी खोटं सांगणार नाही.”

“आणि कन्नड गेली तर?”

“तीही शिकता येते. पण मग ती दुसरी भाषा होते. पहिली राहत नाही.”

राजमतीनं मान हलवली. “तेच मला विचारायचं होतं. विचारा आता.”

वनितानं मराठीत विचारलं.

“मराठी घ्या,” राजमती म्हणाली. “ती मी शिकले होते. कशी शिकायची ते मला ठाऊक आहे. कन्नड मी कधी शिकलेच नाही, ती गेली तर कुठून सुरुवात करायची तेही मला कळणार नाही. आई तर आता नाही.”

वनितानं कन्नडमध्ये विचारलं. राजमतीनं तेच उत्तर दिलं, जरा कमी शब्दांत.

मावळतीआधी तिला दूध आणि थोडी खिचडी मिळाली. नर्स सांगत होती की आता सकाळपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही. “सूर्य मावळल्यावर आम्ही तसंही खात नाही,” राजमती म्हणाली. भूपाल वाटी धरून बसला होता. निर्णय त्याला डॉक्टरांकडून कळला होता. तो चांगलाच हादरलेला दिसत होता. ठेव म्हणणं निराळं आणि खरंच ठेवलेलं ऐकणं निराळं.

“तेजश्री रडेल,” तो म्हणाला.

“रडेल. सांगा तिला, आई परत शिकणार आहे. नातू आणि मी एकाच वर्गात.”

“आणि नाही आली तर?”

“तर नाही आली.” तिनं चमचा खाली ठेवला. “पहिल्या वेळी मला सासूबाईंनी शिकवलं. या वेळी तुम्ही शिकवायचं. आणि बोलायचं. गप्प बसून कुणी भाषा शिकवत नसतं.”

भूपालनं मान डोलावली. मग, आपण पुन्हा नुसती मानच हलवली हे ध्यानात येऊन, “बोलीन,” म्हणाला. आणि खरोखरच बोलू लागला. दुकानातलं, लहानपणीचं, पहिल्या मुलाच्या वेळचं. त्या दिवशी तो बोलला नव्हता कारण तोंड उघडलं असतं तर गुरासारखा ओरडला असता, असं म्हणाला. इतकी वर्षं साठलेलं मराठी एका संध्याकाळी संपवायला बसल्यासारखा तो बोलत होता. राजमती ऐकत होती. मध्येच तिला डुलकी लागायची, पुन्हा जाग यायची, तो बोलतच असायचा.

सकाळी तिला औषधी साबणानं आंघोळ घातली. पाठीमागं नाड्या बांधायचा हिरवा झगा घातला. कानाच्या वर केसांचा एक पट्टा तेवढा उतरवला. बाकीची वेणी पद्मक्कानं घट्ट घालून दिली. मनगटावर पट्टी बांधली. नाव विचारलं. बाजू विचारली. कवळी आहे का, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, कशासाठी आलाय. राजमतीनं सगळ्यांना शांतपणे सगळं मराठीत सांगितलं. सांगताना तिच्या ध्यानात आलं की शब्द बरोबर येतायत, प्रत्येक बरोबर येतोय, आणि त्याकडे तिच्याखेरीज कुणाचंच लक्ष नाही.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी भूपालनं तिचा हात सोडला. काहीतरी म्हणावं म्हणून तो म्हणाला, “भिऊ नको.”

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही जेवून घ्या.”

मध्ये कधीतरी तिला जागं केलं. दुखत नव्हतं. डोकं चौकटीत घट्ट होतं, हिरव्या पडद्याच्या या बाजूला वनिताचा चेहरा. ती कन्नडमध्ये चित्रं विचारत होती आणि राजमती उत्तरं देत होती. ती वाट जपायची होती. मराठीतलं कुणीच काही विचारत नव्हतं. म्हणून राजमती दोन चित्रांच्या मधल्या वेळात मनातल्या मनात, रिक्षावाल्याला सांगतात तसा, घरचा रस्ता मराठीत सांगत होती. स्टेशनवरून सरळ. पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे. जैन बोर्डिंगच्या पुढे दुसरी गल्ली. संपला की पुन्हा पहिल्यापासून. स्टेशनवरून सरळ. पाण्याच्या टाकीपाशी.

टाकी तिला स्वच्छ दिसत होती. वळण दिसत होतं, गल्ली दिसत होती, अंगणातली तुळस, पुढच्या खोलीतली शिवणमशीन दिसत होती. सांगायला मात्र काहीच येत नव्हतं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग वनितानं पुढचं चित्र दाखवलं, पक्ष्याचं, आणि राजमतीनं त्याचं कन्नड नाव सांगितलं.

ती नीट शुद्धीवर आली तेव्हा दुपार कलली होती. डॉक्टर येऊन गेल्या. गाठ सगळी निघाली, असं वनितानं तिला तिच्या भाषेत सांगितलं. पायथ्याशी पद्मक्का बसल्या बसल्या पेंगत होती. दारात उभं राहून कुणी दोघी बोलत होत्या. राजमतीला ते शेजारच्या घरातल्या बोलण्यासारखं ऐकू येत होतं, चढउतार ओळखीचे, आत काही नाही. तिला वाटलं होतं की भीती वाटेल. तेवढं त्राण नव्हतं.

भूपाल पलंगाशी आला. दाढी न केलेला, डोळे लाल. रात्रभर मनाशी तयारी केली असावी. बसल्या बसल्या त्यानं सुरुवातच केली. पेल्याकडे बोट दाखवून एक शब्द. खिडकीकडे दाखवून एक. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून एक, मग तिच्या हातावर हात ठेवून एक. प्रत्येक शब्द दोनदा, सावकाश, कुणा बहिऱ्याशी बोलावं तसा.

राजमतीनं हात किंचित वर केला.

“नाळे,” ती म्हणाली. तिच्या भाषेत.

तो थांबला. त्याला कळलं. चेहरा एकदम सैल पडला, आणि शिकवायचं विसरून, आपल्या नेहमीच्या आवाजात तो पुटपुटला, “बरं बरं. उद्या.”

तिनं त्याच्या ओठांकडे पाहिलं. पांघरूण वर ओढून घेण्याआधी तो शब्द तिनं एकदा तोंडात घोळवून पाहिला.

“उद्‍-या,” राजमती म्हणाली, आणि डोळे मिटले.